कोन बदलत नाही

मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे. विरार पश्चिमेला, बोळिंजहून आगाशीकडे जाणाऱ्या रस्त्यालगत एक महाविद्यालय आहे. तिथल्या गणित विभागात, खिडकीपासून लांब आणि पंख्यापासून त्याहून लांब अशा एका टेबलावर माझे वास्तव्य असते. माझ्या कपाळावर पांढऱ्या ऑइलपेंटने 'गणित/३' असे लिहिलेले आहे. 'जुना' हा शब्द मी नम्रतेपोटी वापरत नाही. माझ्या पोटाला सीडी घालायची फट आहे, आणि हल्लीची मुले तिच्याकडे बोट दाखवून "इथून प्रिंट येते का?" असे विचारतात. यावरून काय ते समजा.

माझा जन्म कुठे झाला ते मला ठाऊक नाही. पहिली आठवण आहे ती थर्माकोलची. दुसरी नारळाची. महाविद्यालयात नवे काहीही आले की आधी त्याची पूजा होते. तशी आमचीही झाली. तेव्हाच्या प्राचार्यांनी माझ्या पडद्याला हळदकुंकू लावले, गळ्यात झेंडूची माळ घातली आणि टेबलाच्या कडेवर नारळ फोडला. नारळ आगाशीच्या वाडीतला होता, पाणीदार होता. त्यातले निम्मे पाणी पेल्यात गेले आणि निम्मे माझ्या कीबोर्डात. त्या काळी मराठी टाइप करायची जी पद्धत आमच्याकडे होती, तिच्यात 'ण' ला स्वतःची वेगळी कळ होती. ती कळ त्या दिवशी गेली ती गेलीच. बाकीच्या अक्षरांना काही झाले नाही. विज्ञान शाखेत याला योगायोग म्हणाले, कार्यालयात प्रसाद म्हणाले.

कीबोर्ड बदलता आला असता. पण त्यासाठी तीन दुकानांची कोटेशने लागतात. तिसरे दुकान कधीच उत्तर देत नाही. म्हणून मी 'न' वर भागवू लागलो. विभागाच्या दारावर चिकटवायची पाटी मीच छापली: 'गनित विभाग'. शिपाई धनेशभाऊंनी ती नीट न वाचता लॅमिनेट करून आणली, आणि लॅमिनेट केलेली गोष्ट आमच्याकडे चुकीची ठरत नाही. बोळिंजच्या कॉम्प्लेक्सांतून येणारी मुले त्या पाटीचे फोटो काढत. खाडीकाठच्या गावांतून येणाऱ्या मुलांना तिच्यात काही वावगे दिसत नसे, कारण त्यांच्या घरी गणिताला 'गनित'च म्हणतात, पाण्याला 'पानी' म्हणतात, आणि तहान दोन्हींनी सारखीच भागते.

महाविद्यालयात आलेली प्रत्येक वस्तू, मग ती खुर्ची असो की संगणक, आल्या दिवशीच 'डेडस्टॉक' नावाच्या नोंदवहीत जमा होते. म्हणजे माझे नाव मी चालू होण्याआधीच मृतांत लागले होते. त्यामुळे पुढे आयुष्यात मला कशाचे फारसे वाईट वाटले नाही.

सुरुवातीची वर्षे कौतुकात गेली. माझ्यावर प्रश्नपत्रिका टाइप झाल्या, पत्ते खेळले गेले, एका सरांच्या मुलीचा बायोडाटा झाला आणि लग्न जमले. मग एक दिवस माझ्या पडद्यावर काळोख झाला आणि कोपऱ्यात वाक्य उमटले, की तुमची प्रत अस्सल नाही. माझ्यात भरलेली मूळ प्रणाली कुणाच्या तरी भाच्याने, कुणाच्या तरी पेनड्राइव्हवरून घातली होती. अस्सल घ्यायची तर पैसे हवेत, आणि नवी अस्सल माझ्या अंगात मावणार नव्हती. असे मी आणि माझ्याबरोबर आलेले माझे चार भाऊ मिटले. धनेशभाऊंनी माझ्या डोक्यावर प्लास्टिकच्या फुलांची कुंडी ठेवली. फुलांवर धूळ, माझ्यावर कुंडी, असे आम्ही एकमेकांना जपत राहिलो.

मित्रांनो, मग रचना मॅडम आल्या.

मॅडम नंदाखालच्या. त्यांचे वडील दिवाकरकाका केळीची वाडी करतात. केळीला पाणी किती घालायचे हे काकांनी मुलीला कधी सांगितले नाही म्हणे. ती विचारायची, आणि ते म्हणायचे, "माती बघ." मॅडम मोठ्या झाल्या, गणिताच्या प्राध्यापिका झाल्या, पण ते "माती बघ" त्यांच्या अंगातून गेले नाही. पहिल्याच दिवशी त्यांनी माझ्या डोक्यावरची कुंडी उचलून खिडकीत ठेवली, ओढणीच्या टोकाने माझे कपाळ पुसले आणि एक पेनड्राइव्ह लावला. संध्याकाळपर्यंत मी जागा झालो होतो. माझ्यात आता नवीच प्रणाली होती, हलकी, माझ्या वयाला झेपेल अशी. भूमिती काढणारी, आलेख काढणारी, आकडेमोड करणारी साधनेही आली. जगभरच्या कोणाकोणा माणसांनी ती लिहिली होती आणि कृतीसकट वाटून टाकली होती. लोणचे देताना बरणीबरोबर कृतीचा कागदही द्यावा तसे. कुणालाही झाकण उघडून आत बघता यावे, हवे तर मीठ कमीजास्त करावे.

नवे प्राचार्य बघायला आले. ते वनस्पतिशास्त्राचे. त्यांनी दुरूनच विचारले, "फुकट आहे?"

"मुक्त आहे, सर."

"म्हणजे फुकटच ना?"

"फुकट आहेच. पण मुक्त म्हणजे उघडून बघता येतं. बदलता येतं."

"बदलू नका काही," प्राचार्य घाईने म्हणाले, "चाललंय ते चालू द्या," आणि गेले.

आम्ही पाचही भाऊ उठलो. पाचांत मी मुख्य ठरलो, कारण माझा पंखा सर्वांत जोरात वाजत होता आणि मॅडमना वाटले, याच्यात दम आहे. मुलांच्या मोबाइलवरही माझेच चित्र जाई. शिवाय सर्वांची मिळून एक फलकपानाची सोय होती: ज्याला जे सुचेल ते त्याने तिथे लिहावे, ज्या भाषेत विचार येतो त्या भाषेत लिहावे, आणि इतरांनी वाचावे.

आता मॅडमची पद्धत सांगतो, कारण सगळे रामायण तिच्यामुळे झाले. मॅडम उत्तर सांगत नसत. प्रश्न टाकत, चित्र दाखवत, आणि गप्प बसत. कुणी काही म्हणाले तर तीनच गोष्टी विचारत. काय दिसतंय? का? नेहमीच? बरोबर असो की चूक, त्यांचे वाक्य एकच, "विचार करत रहा." शिवाय त्यांना एक सवय होती. संख्यांशी, रेषांशी त्या माणसांसारखे बोलत. "हा क्ष कुठे निघाला बघा." "या समीकरणातून कोण गेलं?" दुसरे कुणी 'काय' किंवा 'कोणते' विचारेल तिथे मॅडम 'कोण' विचारत. या सवयीवर लक्ष ठेवा. पुढे तिनेच घोळ घातला.

या पद्धतीने तिसऱ्या वर्षाचा वर्ग हैराण झाला. हैराणांत पहिला स्वरूप. तो बोळिंजच्या कॉम्प्लेक्समधला, हुशार, मनगटावर घड्याळ, जे त्याला उभे राहायची आठवण करून द्यायचे. तो म्हणे, "मॅडम, हे यूट्यूबवर पाच मिनिटांत आहे. तुम्ही सस्पेन्स का ठेवता?"

"यूट्यूबवर उत्तर आहे," मॅडम म्हणत. "मला तू हवायस."

"मी इथेच आहे ना, मॅडम."

"विचार करत रहा."

शेजारच्या वर्गात फर्डिनंड सर शिकवत. ते निर्मळच्या बाजूचे, वयाने मोठे, आवाज चर्चमध्ये बायबल वाचतात तसा घुमणारा. ते नोट्स सांगत आणि वर्ग उतरवून घेई. फर्डिनंड सरांच्या नोट्स गेटसमोरच्या दुकानात इतक्या वर्षे झेरॉक्स होत होत्या की अक्षरांना दाढी आली होती. त्या नोट्स पाठ केलेला मुलगा कधी नापास झाला नव्हता. याउलट मॅडमचा मुलगा पास होईल की नाही, हे मॅडमही सांगत नसत. पद्धतच तशी.

आणि मग होती हेमांगी.

हेमांगी नायगावच्या पलीकडच्या खाडीकाठची. घरी भातशेती, आणि भरतीला तिचे वडील श्रीपत खाडीत जाळे टाकत. ती वर्गात शेवटच्या बाकावर बसे आणि बोलत नसे. कारण पहिल्या वर्षी तिने "मला पन सांगा ना" असे म्हटले होते, आणि कुणीतरी मागून "पानी पाहिजे का?" असे ओरडले होते. तेव्हापासून तिने ठरवून टाकले होते. पण माझ्याजवळ ती येई. डबा खाल्ला की येऊन बसे आणि माझ्या कीबोर्डवर 'ण' दाबून पाही. 'न' सुद्धा येत नसे, नुसती पोकळ कळ वाजे. मग ती शेजारचा 'न' दाबे आणि गालात हसे. मित्रांनो, आयुष्यात आपल्यासारखे बोलणारे कुणी भेटणे ही छोटी गोष्ट नाही.

एक दिवस मॅडमनी माझ्या पडद्यावर दोन चित्रे काढवली. डावीकडे साधी चौकोनी जाळी, आडव्याउभ्या रेघांची. उजवीकडे त्याच जाळीचे पुढे काय झाले ते. काय झाले होते तर, जाळीतला प्रत्येक बिंदू म्हणजे एक संमिश्र संख्या. तिला तिनेच गुणायचे, म्हणजे वर्ग करायचा, आणि उत्तर जिथे येईल तिथे तो बिंदू नेऊन ठेवायचा. या संख्यांना लांबीही असते आणि दिशाही, त्यामुळे वर्ग करताना ताणणे आणि वळणे एकदमच होते. उजवीकडची जाळी वाकून, फुगून, वाऱ्यात धरलेल्या साडीसारखी झाली होती.

"काय काय बदललं?" मॅडमनी विचारले.

"लांबी!" "क्षेत्रफळ!" "सरळ रेघ सरळ नाही राहिली!" वर्ग इतपत बोले.

"छान. आता सांगा, या सगळ्या गोंधळात कोण बदलत नाही?"

शेवटच्या बाकावरून, पहिल्या वर्षानंतर पहिल्यांदाच, आवाज आला.

"कोन बदलत नाही."

स्वरूप वळला. "अगं, तेच तर विचारतायत मॅडम! प्रश्न रिपीट काय करतेस? आणि 'कोन' नाही, कोण. को-ण!"

वर्ग हसला. अगदी दुष्टपणाने नव्हे, पण हसला. मॅडमनी हात वर करून हसू थांबवले आणि हेमांगीकडे मायेने बघत म्हणाल्या, "प्रश्न नीट ऐकलास, हेमांगी. आता विचार करत रहा."

हेमांगी खाली बसली.

मित्रांनो, त्या खोलीत मी एकटाच होतो, ज्याला 'कोण' टाइपच करता येत नव्हता. म्हणून मला एकट्याला कळले की तिने प्रश्न नाही, उत्तर दिले होते. जाळीच्या दोन रेघा एकमेकींना छेदतात, त्यांच्यामधला कोन. तो बदलत नाही. रेघा वाकल्या, फुगल्या, तरी जिथे छेदतात तिथे काटकोन काटकोनच राहतो. पण मला बोलायची सोय नाही. माझ्या पंख्याने काय तो आवाज केला, आणि मॅडम म्हणाल्या, "याला जरा तेल द्यायला हवं."

हेमांगीने तरी सोडले नाही. दुसऱ्या दिवशी डब्यानंतर ती माझ्यापाशी बसली आणि सर्वांच्या त्या पानावर टाइप केले: 'कोन बदलत नाही. हेमांगी.' मॅडमनी ते नंदाखालला घरी वाचले. आता मॅडमना माझ्या कीबोर्डचा आजार ठाऊक होता. त्यांनी मनात 'न' चा 'ण' केला, जसा त्या माझ्या प्रत्येक ओळीत करत, आणि खाली प्रेमाने लिहिले: 'हेमांगी, हाच तर प्रश्न आहे. विचार करत रहा.'

म्हणजे तिचे उत्तर एकदा तिच्या तोंडामुळे परत गेले आणि एकदा माझ्या तोंडामुळे.

दुसरी कुणी असती तर फर्डिनंड सरांच्या नोट्स आणायला गेटसमोर गेली असती. हेमांगीने मॅडमचे वाक्य जसेच्या तसे घेतले. मॅडम म्हणाल्या आहेत विचार कर, म्हणजे आपल्या उत्तरात कुठेतरी भोक असणार. ती रोज दुपारी येऊ लागली. जाळीतली एक गाठ निवडे, कोन मोजे, पुढची गाठ निवडे. मी काटकोन दाखवत राहिलो. ती हट्टाने पुढे जात राहिली, जाळ्याचे भोक शोधायला गाठ न गाठ चाचपावी तशी. आणि एका दुपारी ती थबकली. माझ्याकडे बघत ती हळूच म्हणाली, "हे बघ, सापडला. हितं घोळ हाय."

कुठला घोळ, ते लवकरच कळेल. आधी वरच्या मजल्यावर काय चालले होते ते ऐका.

स्वरूपचे वडील प्राचार्यांना भेटून गेले होते. प्राचार्य आमच्या खोलीत आले, खुर्चीची धूळ पाहून उभेच राहिले.

"मॅडम, पालक आले होते. म्हणतात, तुम्ही शिकवत नाही."

"बरोबर आहे, सर. मुलं शिकतात."

"मुलं शिकतात ते कुठे दिसत नाही. तुम्ही शिकवत नाही ते मात्र दिसतं." प्राचार्यांनी घसा साफ केला. माणूस वाईट नव्हता, पण त्याच्या डोक्यावर संस्था होती. "सोमवारी मी आणि फर्डिनंड सर तुमच्या तासाला बसतो. तुमच्या पद्धतीने वर्ग बोलला, तर चालू द्या. नाही बोलला, तर पुढच्या सत्रापासून हा विषय फर्डिनंड सरांकडे, आणि ही खोली स्मार्ट क्लासरूमला."

"आणि हे संगणक?"

प्राचार्यांनी माझ्याकडे पाहिले. "ह्यांना संगणक म्हणायचं?" ते म्हणाले. "भंगाराचा टेम्पो सोमवारीच सांगून ठेवतो. सगळं एका दिवशी झालेलं बरं."

प्राचार्य गेल्यावर मॅडमनी माझे झाकण उघडून पंख्याला तेल दिले. हा विश्वास होता की निरोप, ते मला तेव्हा कळले नाही.

सोमवार उजाडला. खाली फाटकात टेम्पो उभा होता. त्याचा ड्रायव्हर अधूनमधून हॉर्न वाजवून आपण आल्याचे सांगत होता. मागच्या बाकावर प्राचार्य आणि फर्डिनंड सर बसले. सरांनी सवयीने पेन काढून ठेवले होते. मॅडमनी तेच चित्र लावले. डावीकडे जाळी, उजवीकडे साडी. वर्ग नटूनथटून, ताठ आणि पूर्ण मुका बसला होता. प्राचार्य मागे बसले की मुलांना स्वतःचे नावही आठवत नाही. हा आमच्याकडचा निसर्गनियम आहे.

"सांगा," मॅडम म्हणाल्या, "कोण बदलत नाही?"

पुढच्या बाकांवरच्यांनी वह्यांत डोकी घातली.

स्वरूप छताकडे बघत होता. त्याला उत्तर यूट्यूबवरून ठाऊक असेल असे मला वाटले होते. पण त्याने तो व्हिडिओ सेव्ह करून ठेवला होता, पाहिला नव्हता. प्राचार्यांनी घड्याळ पाहिले. फर्डिनंड सर खोकले. हॉर्न वाजला.

मित्रांनो, तेव्हा मॅडमच्या हातात खडू होता. उत्तर त्यांना ठाऊक होते. दोन मिनिटे फळ्याकडे वळून त्यांनी ते घडाघडा मांडले असते, तर प्राचार्यांनी मान डोलावली असती, फर्डिनंड सरांनी उतरवून घेतले असते, खोली वाचली असती, मी वाचलो असतो. मी पंख्याचा होता नव्हता तेवढा आवाज केला. 'सांगा हो मॅडम,' असा त्याचा अर्थ होता.

मॅडमनी खडू टेबलावर ठेवून दिला. हाताची घडी घातली. आणि वाट पाहिली.

धाडस मी पुष्कळ पाहिले आहे. वीज गेली की माझ्यातले सेव्ह न केलेले काम जाते, आणि तरी माणसे परत टाइप करायला बसतात. पण उत्तर येत असताना गप्प राहणे, तेही आपला विषय हातचा जात असताना, असे धाडस मी तेव्हा पहिल्यांदा पाहिले.

शेवटचा बाक कुरकुरला. हेमांगी उठली. प्राचार्यांच्या बाजूने न बघता माझ्यापर्यंत आली आणि माउस हातात घेतला. बाण तिने सरळ जाळीवर नेला.

"मॅडम, मी तेव्हापासून तेच सांगते. कोन बदलत नाही."

"परत?" स्वरूप पुटपुटला. दोघे-तिघे हसायला लागले.

"हसू नको रे, थांब!" हेमांगी गर्रकन वळली. तिने दोन्ही हातांची एकेक बोटे एकमेकांवर आडवी धरली. "हा. हा कोन. मानूस नाय, अँगल! कोन म्हनजे अँगल! तो बदलत नाही."

हसू जिथे होते तिथेच थांबले. मॅडमचा चेहरा मी पाहिला. त्यांच्या मनात त्या दिवसाचा वर्ग, मग ते पान, मग माझा कीबोर्ड, असे एकामागून एक सरकताना दिसत होते.

"हेमांगी," त्या म्हणाल्या, "त्या दिवशी तू..."

"त्या दिवशी पन हेच म्हनाले. मशीनवर पन हेच लिहिलं. तुम्ही म्हनालात विचार कर. मग मी केला."

"कसा केलास?" हा आवाज फर्डिनंड सरांचा होता. ते पेन विसरले होते.

"सर, आमच्या घरी जाळं आहे. ते तिरकं ओढलं ना, तर चौकोनाची शंकरपाळी होते. कोपरे दबतात. मला वाटलं, इथे पन दबायला पाहिजेत. हे तर केवढं वाकलंय! पन गाठीजवळ जाऊन बघितलं तर कोपरे तसेच." तिने एक गाठ मोठी करून दाखवली. मी काटकोन दाखवला. दुसरी गाठ. काटकोन. "म्हनजे हे नुसतं ओढनं नाही. हे गाठीपाशी ताणतं, फिरवतं, पन दाबत नाही."

'ताणतं' मधला 'ण' तिने खणखणीत म्हटला. म्हणता येत नव्हता असे नव्हते. घरी लागत नव्हता, एवढेच.

स्वरूप बाकावरून उठून पुढे आला होता. "एक मिनिट. नेहमीच?"

हा मॅडमचा प्रश्न होता. मॅडमनी तो विचारला नव्हता.

"नाही," हेमांगी म्हणाली. "तेच तर! मला वाटलं मॅडम त्याच्यासाठी विचार कर म्हनतायत. एक जागा आहे. मधे." तिने बाण बरोबर मध्यावर, शून्यावर नेला. डाव्या चित्रात तिथे आडवी रेघ आणि उभी रेघ भेटत होत्या, काटकोनात. उजव्या चित्रात त्याच दोन रेघा एकमेकींसमोर पसरून एक सरळ रेघ झाली होती. कोपरा नव्हताच. काटकोनाच्या दुप्पट झाला होता. "सगळीकडे कोन तोच. हितं डबल. का, ते मला नाही माहीत."

मागचा बाक धाडकन मागे सरकला. फर्डिनंड सर उभे राहिले होते.

"डेरिव्हेटिव्ह!" ते गरजले. "तिथे डेरिव्हेटिव्ह, बदलाचा दर, शून्य आहे! मी दर वर्षी सांगतो! 'डेरिव्हेटिव्ह शून्य नसावा', अधोरेखित करा म्हणून सांगतो!"

"हो सर, आमच्या झेरॉक्समध्ये आहे ते," स्वरूप म्हणाला. "पण का आहे? शून्य झालं तर कोन डबलच का होतो?"

फर्डिनंड सरांनी उत्तरासाठी तोंड उघडले. इतक्या वर्षांत त्या अटीबद्दल त्यांना कुणी 'का' विचारलेच नव्हते. सगळ्यांनी ती फक्त अधोरेखित केली होती. शब्द ओठांवर आले, आणि समोरून मॅडम म्हणाल्या, "सर!" आणि त्यांनी बोट ओठांवर ठेवले.

सरांनी तोंड मिटले. कपाळावर शीर उभी राहिली. "देवा रे," ते खाली बसत म्हणाले, "हे फार कठीण आहे हो, रचना."

त्यानंतर कुणाला प्राचार्य आठवले नाहीत. वर्गात जे सुरू झाले त्याला गोंगाट म्हणत असतील, पण त्यातला प्रत्येक शब्द गणिताचा होता. कुणी फळ्यावर, कुणी मोबाइलवर, कुणी माझ्यावर. स्वरूपच्या घड्याळाने त्याला उभे राहायला सांगितले आणि तो आधीच उभा होता. त्या भरात कुणाच्या तरी खांद्यामागून शांत आवाज आला.

"आणि वर्गाऐवजी घन केला तर? मधला कोन तिप्पट होईल का?"

सगळे वळले. प्राचार्य माझ्यापाशी येऊन उभे होते. हात मागे बांधलेले, पण मान पुढे.

मॅडम हसल्या. "सर, मी सांगणार नाही."

"मीही नाही," फर्डिनंड सर मागून म्हणाले.

हेमांगीने खुर्ची मोकळी केली. "बसा सर. बघा ना."

प्राचार्य बसले. एका बोटाने त्यांनी माझी कळ दाबली. खाली हॉर्न वाजला, लांबलचक. दारात धनेशभाऊ आले. "सर, टेम्पोवाला विचारतोय, वर येऊ का?"

"थांबायला सांग," प्राचार्य पडद्यावरून नजर न काढता म्हणाले.

"किती वेळ, सर?"

"धनेश, मी विचार करतोय!"

टेम्पो रिकामा गेला असे म्हणवत नाही. धनेशभाऊंनी खिडकीतली प्लास्टिकच्या फुलांची कुंडी त्याला देऊन टाकली. बिचारी फुले. माझ्यासारखी ती कधी कोमेजलीही नव्हती.

आता हा वर्ग रचना मॅडमकडेच आहे. फर्डिनंड सर सवड मिळेल तेव्हा येऊन शेवटच्या बाकावर बसतात आणि न सांगण्याचा सराव करतात. अजून त्यांना नीट जमत नाही, मध्येच एखादे उत्तर निसटते आणि मुलेच त्यांना "सर!" म्हणून ओरडतात. स्मार्ट क्लासरूम शेजारच्या खोलीत झाली. तिचा रिमोट सापडत नाही.

आणि तिसऱ्या दुकानाचे कोटेशन आले. मला नवा कीबोर्ड मिळाला. त्यात 'ण' आहे, गुळगुळीत, कुणी न वापरलेला. पण दारावरची पाटी मुलांनी बदलू दिली नाही, आणि हेमांगी अजून "कोन" म्हणते. फरक एवढाच, की ती बोलली की आता स्वरूप हात वर करून विचारतो, "माणूस की अँगल?" आणि मग पुढचे ऐकतो.

मित्रांनो, माझा पंखा पुन्हा वाजू लागला आहे, तेव्हा थोडक्यात सांगतो. माझ्यासारख्या जुन्या वस्तूवर कुंडी ठेवण्याआधी तिच्यात एकदा नवे काही घालून बघा. उत्तर येत असेल तर ते जरा वेळ तोंडातच धरा. गिळू नका, फक्त धरा. आणि शेवटच्या बाकावरून कुणी चुकीचे अक्षर म्हणाले, तर हसायच्या आधी एकच करा. विचारा, "नेमका कोण?"

कदाचित ती सांगेल, "नाही हो. कोन."